कर्ज कोणाचे, राख कोणाची?

‘सार्वजनिक’ हा शब्द दलित समाजाने जितका पारखून घेतला आहे, तितका अन्य कोणी घेतला नसेल. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सर्वांचे झाले. पण पाण्याला हात लावण्याची मुभा होती ती पूर्वी ज्यांना होती त्यांनाच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह तळ्याच्या पायऱ्या उतरले, तेव्हा त्या शब्दाची पहिली परीक्षा झाली. जे सार्वजनिक म्हणवले जाते ते खरोखर कोणाचे असते, हा प्रश्न विचारण्याची रीत आपल्या चळवळीने तेव्हापासून स्वीकारली.

हीच रीत आज एका वेगळ्या तळ्याला लावून पाहण्याची गरज आहे. ते तळे म्हणजे सार्वजनिक बँक. तेथे पाणी साठते ते सर्वांचे. शिक्षकाचा पगार, मजुराची रोजगार हमीची मजुरी, विधवेचे निवृत्तिवेतन, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती. परंतु पाट कोणाच्या शेताकडे काढायचा हे ठरवताना यांपैकी कोणालाही विचारले जात नाही. गेल्या काही वर्षांत देशात आणि देशाबाहेर एक चळवळ उभी राहिली आहे. सार्वजनिक बँकांनी कोळसा, तेल, वायू यांच्या प्रकल्पांना कर्जे देऊ नयेत, निदान ती डोळे मिटून देऊ नयेत, अशी तिची मागणी आहे. ही चळवळ पर्यावरणवाद्यांची, म्हणजे शहरातल्या सुखवस्तू लोकांची, असे समजून आपल्यातले अनेक कार्यकर्ते तिच्याकडे पाठ फिरवतात. ही चळवळ काय आहे, ती कशी चालते आणि तिच्याशी आपला संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कर्जाची रीत

प्रथम कर्ज कसे दिले जाते ते पाहू. शेतकरी पीककर्ज मागायला जातो तेव्हा त्याला सातबारा, इतर बँकांचे थकबाकी नसल्याचे दाखले, कधी जामीनदार असे सारे गोळा करावे लागते. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या भूमिहीनाचा प्रश्न तर दारातच संपतो. माझे स्वतःचे शिक्षण चालू असताना एका शाखेत वडिलांना जामीनदार आणण्यासाठी तीन वेळा परत पाठवले होते. असे अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत.

वीजप्रकल्पाचे कर्ज निराळ्या रीतीने दिले जाते. मोठा उद्योगसमूह प्रकल्पापुरती एक स्वतंत्र कंपनी काढतो. प्रकल्पाच्या खर्चाचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा तो भागभांडवल म्हणून घालतो; उरलेला सत्तर-पंचाहत्तर टक्के पैसा कर्जाने उभा राहतो. एका बँकेच्या आवाक्यात एवढी रक्कम नसते, म्हणून दहा-पंधरा बँका एकत्र येतात. त्यांच्यात एक अग्रणी बँक असते. ती प्रकल्पाचा अभ्यास करते आणि बाकीच्या बऱ्याचदा तिच्यामागे जातात. तारण काय, तर जो कारखाना अजून उभा राहायचा आहे तो, आणि त्यातून पुढे विकल्या जाणाऱ्या विजेचा करार. म्हणजे शेतकऱ्याला आज हातात असलेली जमीन दाखवावी लागते, तर कंपनीला उद्याची आशा दाखवली तरी चालते. सर्व कर्जदात्या बँकांची सही झाली की वित्तपुरवठा पूर्ण झाला असे म्हणतात आणि त्यानंतरच खऱ्या अर्थाने बांधकाम वेग घेते.

हा शेवटचा मुद्दा चळवळीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सरकारची परवानगी असली, जमीन संपादन झालेली असली, तरी पैसा आला नाही तर प्रकल्प उभा राहत नाही. म्हणून ज्यांचे म्हणणे मंत्रालयात ऐकले जात नाही, त्यांनी पैसे देणाऱ्याचा दरवाजा ठोठावावा, अशी ही पद्धत आहे. पद्धत परदेशातून आली असा समज आहे. वास्तविक तिचा एक उगम आपल्याच जिल्ह्यात आहे.

मणिबेलीचा धडा

१९८५ साली जागतिक बँकेने सरदार सरोवर प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरची मदत मंजूर केली. जागतिक बँक हीदेखील सार्वजनिक बँकच. सदस्य देशांच्या सरकारांच्या पैशावर आणि पतीवर ती चालते. या धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील तेहेतीस गावे जाणार होती. ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील, आदिवासींची. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. नर्मदा बचाओ आंदोलनाने सरकारशी झगडा दिलाच, पण पैसा देणाऱ्या बँकेलाही प्रश्न विचारले: ज्यांना उठवणार त्यांची यादी कोठे आहे? त्यांना देण्याची जमीन कोठे आहे? तुमच्याच नियमांत पुनर्वसनाची जी अट आहे तिचे काय झाले?

या प्रश्नांमुळे बँकेला १९९१ साली ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. जून १९९२ च्या अहवालात समितीने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेने आपलेच नियम पाळले नाहीत असा निष्कर्ष काढला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज घेणार नसल्याचे कळवले आणि बँक प्रकल्पातून बाहेर पडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने तक्रार निवारणासाठी तपासणी मंडळ स्थापन केले. जगात कोठेही बँकेच्या कर्जामुळे ज्यांचे नुकसान होते, त्या लोकांना थेट तक्रार करण्याचा मार्ग त्यातून मिळाला. १९९४ साली चव्वेचाळीस देशांतील ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना कर्ज देणे थांबवावे असे जाहीर निवेदन काढले, आणि त्याला नाव दिले ‘मणिबेली जाहीरनामा’. अक्कलकुवा तालुक्यातले एक आदिवासी गाव जगाच्या बँकव्यवहाराच्या इतिहासात असे नोंदले गेले.

पण धरण थांबले नाही. बँक गेल्यावर सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३ साली रोखे काढले. आज ३,६०० रुपये भरा, वीस वर्षांनी १,११,००० रुपये घ्या, असा तो व्यवहार होता. देशातल्या बचतीच्या पैशावर काम पुढे गेले. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले. निर्माण होणाऱ्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. ज्यांची गावे गेली त्यांच्या पाड्यांवर दिवा पेटायला मात्र वर्षानुवर्षे लागली.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की सावकाराला जाब विचारता येतो आणि त्याचा परिणाम होतो. दुसरी, जास्त कडू, अशी की परकी बँक नियमाला बांधता आली, तरी तिची जागा घेणाऱ्या आपल्याच पैशाला कोणता नियम लागू आहे हे विचारायचे राहून गेले. जागतिक बँकेकडे अक्राणीचा आदिवासी तक्रार करू शकत होता. त्याच प्रकल्पाला देशातल्या बँकेने कर्ज दिले तर तक्रार कोठे करायची? ठेवीदाराची पासबुकाविषयीची तक्रार ऐकायला बँकांचा लोकपाल आहे. पण त्या बँकेच्या कर्जामुळे ज्याचे घर गेले, त्याचे ऐकणारा कोणीही नाही. तो तिचा ग्राहक नाही, एवढेच उत्तर त्याला मिळते.

दाभोळ आणि अमरावती

आता कोळसा आणि वायूकडे वळू. दाभोळ वीज प्रकल्पाची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण तिच्यातील बँकांची बाजू क्वचित सांगितली जाते. अमेरिकेच्या एन्‍रॉन कंपनीशी राज्याचा प्राथमिक करार जून १९९२ मध्ये झाला. १९९३ साली जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला. आयात वायूवरची ही वीज महाग पडेल आणि राज्याला तेवढी लागणारही नाही, असे तिचे म्हणणे होते. हा नकार नीतीचा नव्हता, हिशोबाचा होता. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला, राज्याने हमी दिली, केंद्राने प्रतिहमी दिली. अमेरिकेच्या सरकारी वित्तसंस्थांबरोबर आपल्या आयडीबीआय, स्टेट बँक यांसारख्या संस्थाही कर्ज देण्यात सामील झाल्या. गुहागर तालुक्यातील अंजनवेल, वेलदूर येथील शेतकरी आणि मच्छीमार विरोधाला उभे राहिले. १९९७ साली वेलदूरच्या वस्तीत पोलिसांनी घरांत शिरून स्त्रियांना मारहाण केल्याची नोंद ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्थांनी केली आहे.

पुढे काय झाले? १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की २००१ साली वीज मंडळाने ती घेणे थांबवले. डिसेंबर २००१ मध्ये एन्‍रॉनचे दिवाळे निघाले. २००५ साली एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना घेऊन नवी कंपनी काढावी लागली. नफ्याचे खासगी स्वप्न सार्वजनिक ओझे होऊन परत आले. १९९३ साली गुहागरचा मच्छीमार आणि जागतिक बँकेचा अर्थतज्ज्ञ वेगवेगळ्या कारणांनी एकाच निष्कर्षाला आले होते. तज्ज्ञाचे पत्र कपाटात गेले आणि मच्छीमारावर लाठी पडली.

दुसरे उदाहरण अमरावतीजवळच्या नांदगावपेठचे. तेथे १,३५० मेगावॅटचा कोळशावरचा खासगी प्रकल्प उभा राहिला. त्याला अप्पर वर्धा धरणाचे पाणी देण्याचे ठरले, तेव्हा सिंचनाचा अनुशेष असलेल्या, शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यात शेताचे पाणी कारखान्याला का, म्हणून शेतकऱ्यांनी आंदोलन केले. प्रकल्प झाला. मग तोही कर्जात रुतला. जानेवारी २०२० मध्ये बारा कर्जदात्या संस्थांनी एकरकमी तडजोड केली. सुमारे साडेसहा हजार कोटींच्या कर्जापोटी सुमारे चार हजार कोटी घेऊन हिशोब मिटवला. या कर्जदात्यांत पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन आणि स्टेट बँक या सरकारी संस्था प्रमुख होत्या.

हे एकटेदुकटे प्रकरण नव्हते. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने कोळशावरच्या ३४ अडचणीतील प्रकल्पांची यादी दिली. त्यांची क्षमता सुमारे ४० हजार मेगावॅट, आणि त्यांत अडकलेले कर्ज सुमारे पावणेदोन लाख कोटी रुपये. कोळसा मिळाला नाही, विजेला गिऱ्हाईक मिळाले नाही, किंवा मालकाने आपले भांडवल आणलेच नाही, अशी त्यांची कारणे होती. बँकांच्या अशा सर्व बुडीत कर्जांची खळगी भरण्यासाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने सार्वजनिक बँकांना २ लाख ११ हजार कोटींचे भांडवल पुरवण्याची योजना जाहीर केली होती. तो पैसा अखेर जनतेचाच. त्याच वर्षी, एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत, खात्यात किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून स्टेट बँकेने खातेदारांकडून १,७७१ कोटी रुपये दंड वसूल केला. मार्च २०२० मध्ये हा दंड बंद झाला, हे खरे. पण किमान शिल्लक कोणाच्या खात्यात नसते, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

एका फलकाची गोष्ट

नोव्हेंबर २०१४ मध्ये पंतप्रधानांच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या वेळी स्टेट बँकेने अदानी समूहाशी एक सामंजस्य करार केला. क्वीन्सलँड राज्यातील कारमायकेल कोळसा खाणीसाठी शंभर कोटी डॉलरपर्यंतचे कर्ज देण्याचा विचार त्यात होता. या खाणीला वांगन आणि जगालिंगू या तेथील मूळनिवासी लोकांपैकी अनेकांचा विरोध होता. त्यांच्यासोबत ऑस्ट्रेलियातील पर्यावरण संघटना उतरल्या. ऑस्ट्रेलियातील मोठ्या बँकांनी एकामागून एक अंग काढून घेतले. भारतात विरोधी पक्षांनी आणि बँकव्यवहारावर लक्ष ठेवणाऱ्या संघटनांनी प्रश्न विचारला की ज्या खाणीला तिच्या देशातील बँका पैसे देत नाहीत, तिला भारतीय ठेवीदाराचा पैसा का? तो करार कर्जापर्यंत पोचला नाही.

२०२० च्या अखेरीस कर्ज पुन्हा दिले जाणार अशा बातम्या आल्या. २७ नोव्हेंबर २०२० रोजी सिडनी येथे भारत-ऑस्ट्रेलिया क्रिकेट सामना चालू असताना दोन निदर्शक मैदानात शिरले. त्यांच्या हातातील फलकावर स्टेट बँकेने अदानीला कर्ज देऊ नये असे लिहिले होते. त्याच सुमारास फ्रान्सच्या अमुंडी या गुंतवणूक संस्थेने इशारा दिला की हे कर्ज दिल्यास आपण स्टेट बँकेचे ‘हरित रोखे’ विकून टाकू. एका हाताने पर्यावरणासाठी म्हणून पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने कोळशाला द्यायचे, हे चालणार नाही, असा त्याचा अर्थ. खाण अखेर मूळ आराखड्याहून पुष्कळ लहान आकारात, समूहाच्या स्वतःच्या पैशावर झाली आणि डिसेंबर २०२१ च्या अखेरीस तिचा कोळसा निघाला.

येथे विजय किती आणि पराजय किती हे नीट मोजले पाहिजे. खाण झाली, हा पराजय. पण ती लहान झाली आणि ठेवीदाराच्या पैशाशिवाय झाली, हे कमी नाही. शिवाय आपल्या बँकेविषयीचा प्रश्न सिडनीच्या मैदानात विचारला गेला आणि चिंचपाड्याच्या किंवा नवापूरच्या शाखेत विचारला गेला नाही, ही गोष्ट आपल्याला विचारात टाकणारी आहे. ती बँक आपली होती.

कायद्याच्या मार्गाचेही एक उदाहरण आहे. कच्छमधील मुंद्रा येथील टाटांच्या ४,००० मेगावॅटच्या कोळसा प्रकल्पाला जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २००८ साली ४५ कोटी डॉलर कर्ज दिले. ज्या पाच राज्यांनी त्या विजेचे करार केले त्यांत महाराष्ट्रही आहे. किनाऱ्यावरच्या मुस्लिम मच्छीमारांनी २०११ मध्ये महामंडळाच्या तक्रार कार्यालयाकडे गाऱ्हाणे नेले. २०१३ च्या तपासणीत महामंडळाच्या चुका मान्य झाल्या, पण उपाय झाला नाही. मग ते अमेरिकेच्या न्यायालयात गेले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशा संस्थांना खटल्यापासून संपूर्ण संरक्षण नाही. पुढे मात्र हा व्यवहार अमेरिकेत घडलेला नाही या कारणाने खालच्या न्यायालयांनी खटला काढून टाकला आणि २०२२ मध्ये तो संपला. मच्छीमारांच्या हाती पैसा आला नाही. पण बँकेवर खटला होऊच शकत नाही, हे तत्त्व त्यांनी मोडले.

वीज नको का?

हा विषय वर्गात निघाला की विद्यार्थी विचारतात, “सर, मग वीज नको का?” हे विद्यार्थी मावची, कोकणी, भिल्ल, बौद्ध घरांतले असतात आणि त्यांचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. दिव्याखाली बसून शिकलेली पहिली पिढी आज महाविद्यालयात येते आहे.

या प्रश्नाचे उत्तर देताना बाबासाहेबांकडे जावे लागते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्या काळात झाली. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग नाही, आणि उद्योग नसेल तर जातीच्या गावगाड्यातून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा विजेला विरोध करणारी कोणतीही चळवळ आपली होऊ शकत नाही. परंतु त्याच बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. लोकांचा साठलेला पैसा काही घराण्यांच्या हाती जाऊ नये, आर्थिक सत्तेवर लोकशाहीचा अंकुश असावा, हा त्यामागचा विचार होता. १९६९ च्या चौदा बँकांच्या आणि १९८० च्या सहा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला आपण याच कारणाने पाठिंबा दिला. विजेची मागणी आणि अंकुशाची मागणी एकाच विचारातून निघतात. पहिली घेऊन दुसरी सोडणे म्हणजे बाबासाहेबांना अर्धे वाचणे होय.

अंकुश नसल्यावर काय होते ते राखेत दिसते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के असते. ही राख मलबार हिलवर पडत नाही. ती चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळच्या दीपनगर येथील केंद्रांच्या आसपासच्या वस्त्यांवर, विहिरींवर, कापसावर पडते. धुरातील गंधकावर आवर घालणारी यंत्रे बसवण्याचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक संचांना त्यातून सूटच देण्यात आली. म्हणजे यंत्राचा खर्च वाचला, आणि तो खर्च शेजारच्या माणसाच्या छातीवर चढवला गेला. बँकेच्या हिशोबात ही रक्कम कोठेच लिहिली जात नाही. गावकुसाबाहेर घाण टाकण्याची आणि तिचा खर्च गावकुसाबाहेरच्यांनी सोसण्याची व्यवस्था आपल्याला नवी नाही. फक्त गावकुस आता जिल्ह्याएवढे झाले आहे.

याचा अर्थ कोळसा गेला आणि सूर्य आला की न्याय झाला, असाही नाही. धुळे जिल्ह्यातील विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या तुटपुंज्या मोबदल्यासाठी अनेक खेटे घातले. २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात त्यांनी विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचे निधन झाले. औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून घेतलेल्या त्या परिसरात पुढे सौर प्रकल्पाची योजना आली. इंधन बदलले, जमीन घेण्याची रीत तीच राहिली. साक्री-नंदुरबार पट्ट्यात पवनचक्क्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हाही आदिवासींच्या वनहक्कांचा प्रश्न उभा राहिला होता. म्हणून आपली मागणी केवळ ‘कोळशाला कर्ज नको’ एवढी असून चालणार नाही. कोणत्याही कर्जाआधी ज्यांच्या जमिनीवर, पाण्यावर, श्वासावर तो प्रकल्प येणार आहे त्यांची संमती हवी, अशी ती असली पाहिजे. पर्यावरणवाद्यांच्या चळवळीत दलित-आदिवासींनी घालावयाची भर ती हीच. खाणीत, राखेच्या वाहतुकीत, केंद्रांतल्या कंत्राटी कामात आपलेच लोक आहेत. कोळसा कमी होईल तेव्हा त्यांच्या पोटाची तरतूद कर्जाच्या अटीत असावी, हेही शहरी चळवळीला आपणच सांगावे लागेल.

काय करता येईल

वाऱ्याची दिशा काही काळ बदलली होती. सेंटर फॉर फायनान्शियल अकाउंटेबिलिटी या संस्थेच्या अभ्यासानुसार कोळशावरच्या वीजप्रकल्पांना २०१७ मध्ये ६० हजार कोटींहून अधिक कर्ज मंजूर झाले होते. २०१८ मध्ये ते सहा हजार कोटींवर आले. बुडीत कर्जांनी पोळल्यामुळे बँका मागे सरल्या होत्या. त्यांना उपरती झाली होती असे नव्हे. आता २०३१-३२ पर्यंत कोळशाची सुमारे ८० हजार मेगावॅट नवी क्षमता उभारण्याची सरकारची योजना आहे. तिला पैसा लागेल आणि तो पुन्हा सार्वजनिक संस्थांकडेच मागितला जाईल. ग्रामीण विद्युतीकरणासाठी १९६९ साली काढलेले आरईसी हे महामंडळही आज मोठ्या औष्णिक प्रकल्पांचे कर्जदाते आहे, हे लक्षात ठेवावे.

कार्यकर्त्यांच्या हाती काही साधने आहेत. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा सार्वजनिक बँकांना लागू आहे. व्यापारी गुपित म्हणून उत्तर नाकारले जाते, हे खरे. पण डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला बँकांच्या तपासणीची माहिती देण्यास सांगितले, तो निकाल अपिलात दाखवता येतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाची जनसुनावणी घ्यावी लागते. तेथे धूर आणि पाणी यांबरोबर ‘कर्ज कोण देणार, किती, कोणत्या अटींवर’ हाही प्रश्न नोंदवून घेतला पाहिजे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार देतात. ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवतोच. त्याची एक प्रत अग्रणी बँकेच्या अध्यक्षांकडे पाठवावी. ठराव विरोधात असताना दिलेले कर्ज धोक्याचे आहे, हे बँकेच्या दप्तरात लेखी असले पाहिजे. उद्या ते कर्ज बुडाले तर आम्हाला ठाऊक नव्हते असे कोणाला म्हणता येणार नाही.

बँकेतले अधिकारी आणि कर्मचारी यांच्यातही आपले बांधव आहेत. आरक्षणामुळे ते तेथे पोचले. त्यांच्या संघटना बढती आणि अनुशेष यांसाठी लढतात, ते योग्यच आहे. कर्ज कोणाला जाते हा प्रश्नही त्यांनी आपल्या अधिवेशनांत घ्यावा. शिक्षकांच्या संघटनांचे पगार याच बँकांत जमा होतात. शंभर शिक्षकांनी सही करून शाखेला एक पत्र दिले तर बँक कोसळणार नाही, पण ते पत्र वर पाठवावे लागते.

मागण्या तीन आहेत. प्रत्येक सार्वजनिक बँकेने आणि वित्त महामंडळाने मोठ्या प्रकल्पांना दिलेल्या कर्जांची यादी मराठीसह लोकांच्या भाषांत जाहीर करावी. ग्रामसभेची संमती आणि पुनर्वसन पूर्ण झाल्याचा पुरावा यांशिवाय कर्जाचा एकही हप्ता देऊ नये. आणि १९९३ साली जागतिक बँकेला करावे लागले तसे, कर्जामुळे ज्यांचे नुकसान होते त्यांच्या तक्रारी ऐकणारे स्वतंत्र मंडळ रिझर्व्ह बँकेच्या पातळीवर असावे. मणिबेलीच्या लोकांनी जगाला जे मिळवून दिले, ते त्यांच्याच देशात, त्यांच्याच जिल्ह्यात अजून लागू नाही.

चिंचपाड्यावरून सुरत-भुसावळ लोहमार्ग जातो आणि कोळशाच्या वाघिणी त्यावरून गुजरातकडे जातात. त्या वाघिणींवर कोणाचे नाव लिहिले आहे ते दिसते. त्यांच्यामागे कोणाचा पैसा आहे ते दिसत नाही. तो दिसू लागावा यासाठी अभ्यास करावा लागेल, अर्ज करावे लागतील, ग्रामसभेत बोलावे लागेल. काम किचकट आहे आणि त्यात टाळ्या मिळणार नाहीत. पण बँक सार्वजनिक आहे असे कायदा सांगत असेल, तर त्या शब्दाचा अर्थ वसूल करण्याची जबाबदारी, महाडनंतर, आपल्यावर इतरांपेक्षा अधिकच येते.